विश्लेषण : ना फ्लॅश, ना पोझ, ना पैसे! कनू गांधींनी सेवाग्रामच्या झोपडीत महात्मा गांधींचे फोटो कसे काढले?

मागच्या दिवाळीत गावी, म्हणजे बीड तालुक्यातल्या नेकनूरला गेलो होतो. आजीच्या ट्रंकेत तिच्या लग्नानंतरचा एक फोटो सापडला. ब्लॅक अँड व्हाईट, चौकोनी, काड्यापेटीपेक्षा थोडासाच मोठा. मागच्या बाजूला स्टुडिओचा निळा शिक्का. आजीला तो दिवस पक्का आठवतो. फोटोवाला डोळ्याला कॅमेरा लावतच नव्हता. पोटाशी डबा धरून, मान खाली घालून उभा होता. तिला वाटलं, हा माणूस आपल्यापेक्षा जास्त लाजतोय.

तो डबा म्हणजे ट्विन लेन्स रिफ्लेक्स कॅमेरा. गावोगावच्या स्टुडिओंत अनेक वर्षं हाच चालायचा. त्याच जातीचा कॅमेरा घेऊन एका तरुणाने वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आणि देशभरच्या प्रवासात जवळपास १० वर्षं महात्मा गांधींचे फोटो काढले. त्यातले बरेच फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पाठ्यपुस्तकात, २ ऑक्टोबरच्या पोस्टमध्ये, कार्यालयांच्या भिंतीवर. पण फोटो काढणाऱ्याचं नाव विचारलं, तर दहातले नऊ जण गप्प बसतील. वर्षभरापूर्वी मीही गप्पच बसलो असतो.

कोण होते कनू गांधी?

आधी एक गोंधळ दूर करू. गूगलवर हे नाव टाकलं की अनेकदा जुहू चौपाटीचा फोटो समोर येतो. गांधीजींच्या काठीचं दुसरं टोक धरून एक लहान मुलगा पुढे पळतोय. तो मुलगाही कनूच, पण वेगळा. तो रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे गांधीजींचा सख्खा नातू. तो फोटो १९३७ चा. पुढे तो अमेरिकेत 'नासा'मध्ये इंजिनीअर झाला आणि २०१६ मध्ये सुरतला वारला.

आपले कनू गांधी ते नव्हेत. यांचा जन्म १९१७ चा. वडील नारणदास गांधी, हे गांधीजींचे चुलत पुतणे. म्हणजे कनू नात्याने गांधीजींचे चुलत नातू. नारणदासांनी साबरमती आश्रमाची व्यवस्था सांभाळलेली. त्यामुळे पहाटेची प्रार्थना, सूतकताई, सामुदायिक जेवण हे सगळं कनूंना लहानपणापासून अंगवळणी पडलेलं होतं. त्यांना व्हायचं होतं डॉक्टर. पण आईवडिलांनी समजूत घातली आणि विशीच्या आसपास ते गांधीजींच्या कामात दाखल झाले.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्यापासून ८ किलोमीटरवरच्या शेगावला राहायला आले होते. या गावाला सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळालं. तिथे कनूंच्या वाट्याला आलं ते कारकुनीचं काम. पत्रव्यवहार, हिशेब, निरोप आणि बापूंच्या आजूबाजूची शंभर बारीकसारीक कामं. फोटोग्राफर म्हणून त्यांना कुणी नेमलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कॅमेरा आला कुठून?

फोटो काढ, असं कनूंच्या डोक्यात घातलं ते विनोबा भावे यांचे धाकटे भाऊ शिवाजी भावे यांनी. कनूंनी ते गांधीजींच्या कानावर घातलं. गांधीजींनी सांगितलं की आश्रमाकडे यासाठी पैसे नाहीत. नकार तत्त्वाचा होता तसा खिशाचाही. लोकांकडून हरिजन फंडासाठी आलेल्या पैशांतून फिल्मचे रोल आणणं त्यांना पटणारं नव्हतं. स्वतःच्या सहीसाठीसुद्धा ५ रुपये घेऊन ते या फंडात टाकणारा हा माणूस.

शेवटी उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले. त्यातून एक रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला. चरखा आणि खादीच्या आश्रमात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात बनलेलं यंत्र! स्वदेशीच्या हट्टाला इथे थोडी सूट मिळाली म्हणायची. असा कॅमेरा तेव्हा भारतात बनत नव्हता.

कॅमेरा आला, पण सोबत गांधीजींच्या तीन अटीही आल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मला पोझ द्यायला सांगायचं नाही. आश्रम खर्च देणार नाही.

आजच्या फोटोग्राफरला या अटींवर काम दिलं तर तो उठून जाईल. कनूंचं मात्र या अटींवाचून फारसं अडलं नाही, आणि याचं एक कारण त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या रचनेत होतं. इंजिनीअरिंगची डिग्री इथे एकदाची उपयोगी पडतेय, तेव्हा हे जरा नीट समजून घेऊ.

ट्विन लेन्स रिफ्लेक्स म्हणजे नेमकं काय?

एक उभा डबा. पुढच्या बाजूला एकाखाली एक अशी दोन सारखी भिंगं. खालचं भिंग फोटो काढतं. त्याच्यामागे शटर आणि त्यामागे फिल्म. वरचं भिंग फक्त बघण्यासाठी. त्याच्यामागे ४५ अंशात तिरका बसवलेला आरसा असतो. समोरचं दृश्य आरशावर आपटून वर जातं आणि डब्याच्या डोक्यावरच्या धुरकट काचेवर उमटतं. फोटोग्राफर वरून त्या काचेत बघतो. म्हणून मान खाली. आजीचा फोटोवाला लाजत नव्हता, तो फोकस करत होता.

दोन्ही भिंगं एकाच पट्टीवर बसवलेली असल्यामुळे एकदमच पुढे-मागे होतात. काचेवर चित्र स्वच्छ दिसलं की खाली फिल्मवरही ते स्वच्छच येणार. 'फ्रांके अँड हायडेके' या कंपनीने १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स बाजारात आणला आणि पुढची काही दशकं जगभरातल्या वार्ताहरांच्या गळ्यात तो लटकत राहिला. जपानच्या याशिका आणि चीनच्या सीगलसारखे कॅमेरे याच धाटणीचे.

यात १२० नंबरचा रोल लागतो. एका रोलमध्ये फोटो फक्त १२. प्रत्येक निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटीमीटरचं, पूर्ण चौकोनी. इन्स्टाग्रामवर चौकोनी फोटो ही नवलाई वाटली होती ना? आपल्या आजी-आजोबांचे फोटो आधीपासूनच तसे होते. कॅमेरा आडवा-उभा करण्याची भानगडच नव्हती.

आता अडचणी. काचेवर दिसणारं चित्र डावं-उजवं उलटं असतं. समोरचा माणूस खरं तर उजवीकडे चाललेला असतो, पण काचेत तो डावीकडे जाताना दिसतो. नवशिका कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला वळवतो आणि माणूस चौकटीबाहेर. गांधीजींच्या चालण्याचा वेग सगळ्यांना माहीत आहे. सोबतच्यांना अक्षरशः पळावं लागायचं. त्यांच्यामागे पळत, उलट्या काचेत बघत फोकस ठेवायचा म्हणजे हाताला सवय होईपर्यंत कितीतरी फ्रेम वाया जाणार. आणि फ्रेम तर बाराच! दुसरी अडचण म्हणजे बघणारं भिंग काढणाऱ्या भिंगापेक्षा काही सेंटीमीटर वर असतं. फार जवळ गेलं तर काचेत पूर्ण दिसणारं डोकं फोटोत वरून कापलं जाऊ शकतं.

फायदे मात्र आश्रमाला जणू मापून घेतल्यासारखे होते. पुढे आलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि 'खटॅक' असा आवाज होतो. ट्विन लेन्समध्ये आरसा हलतच नाही. शटर भिंगातच बसवलेलं, पातळ पात्यांचं. आवाज येतो तो जेमतेम चुटकीएवढा. प्रार्थनेच्या वेळी शेजारी बसलेल्यालाही कळू नये इतका. शिवाय फोटोग्राफर समोरच्याकडे रोखून बघत नसतो, खाली बघत असतो. डोळ्यासमोर यंत्र धरून कुणी आपल्यावर नेम धरलाय, असं समोरच्याला वाटत नाही.

आणि आश्रमात सगळे जमिनीवर बसायचे. मांडी घालून बसलेल्या कनूंनी कॅमेरा पोटाशी धरला की भिंग जमिनीपासून फूट-दीड फुटावर येणार. चरख्याच्या उंचीवर, पत्रं लिहिणाऱ्या हाताच्या उंचीवर. कनूंचे सेवाग्राममधले बैठकीचे फोटो पाहताना आपणही तिथेच बसलोय असं वाटतं, त्यामागे ही उंची आहे असं मला वाटतं.

फ्लॅश नाही, मग मातीच्या झोपडीत फोटो यायचा कसा?

सेवाग्रामला गेला असाल तर बापूकुटी आठवत असेल. मातीच्या भिंती, बांबू, खाली उतरलेलं छप्पर, छोट्या खिडक्या. उन्हातून आत गेलं की क्षणभर काहीच दिसत नाही.

त्या काळच्या फिल्मचा वेग आजच्या भाषेत १०० आयएसओच्या आसपास किंवा त्याहून कमी. फोनचा कॅमेरा अंधारात गुपचूप ३,२०० आयएसओपर्यंत जातो, म्हणून आपल्याला अडचण जाणवत नाही. फिल्मवाल्यांचा जुना ठोकताळा असा की कडक उन्हात अ‍ॅपर्चर १६ वर ठेवलं तर १०० आयएसओच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. झोपडीच्या आत उजेड समजा बाहेरच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा. अ‍ॅपर्चर ३.५ पर्यंत पूर्ण उघडलं तर साधारण २० पट जास्त प्रकाश आत येतो. उरलेली १२ पट कसर शटर जास्त वेळ उघडं ठेवून भरून काढायची. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. एवढ्या वेळात हात हलला की फोटो गेला.

इथेही कॅमेऱ्याची घडण मदतीला येते. पट्टा मानेवर ताणून धरायचा, डबा पोटावर घट्ट दाबायचा, श्वास रोखायचा. आरशाचा धक्का नाही, त्यामुळे कॅमेरा स्थिर राहतो. स्थिर राहत नाही तो समोरचा माणूस, कारण त्याला थांब म्हणायची परवानगी नाही! म्हणून कनूंच्या कित्येक फोटोंत चेहरा ठीक असतो आणि हात विरघळल्यासारखा दिसतो, किंवा सगळंच थोडं हललेलं असतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत असे फोटो बाजूला टाकले गेले असते. आज तेच सगळ्यात जिवंत वाटतात.

तुलनेसाठी पुण्यातला एक प्रसंग. १९४६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याबरोबरचा फोटो काढायला आल्या. त्यांना आधी सूत कातायला शिकावं लागलं. मग फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्यावर फोटो मिळाला. तो जगप्रसिद्ध झाला आणि होण्यासारखाच आहे. पण त्या पाहुण्या होत्या. त्यांना एक उत्तम क्षण हवा होता आणि तो घेऊन त्या गेल्या. कनूंना उद्या पहाटे पुन्हा तिथेच उठून हिशेबाची वही उघडायची होती.

या फोटोंमध्ये काय दिसतं?

दुसऱ्यांच्या फोटोंत सहसा न दिसणारे गांधीजी. आश्रमाच्या कचेरीत टेलिफोन कानाला लावलेले. उन्हाचा ताप होऊ नये म्हणून डोक्यावर चक्क उशी घेतलेले. १९४५ मध्ये मुंबईच्या बिर्ला हाऊसमध्ये वजनकाट्यावर उभे राहून आकडा वाचणारे. १९४५-४६ मध्ये बंगाल, आसाम आणि दक्षिण भारताच्या दौऱ्यात रेल्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढून हरिजन फंडासाठी पैसे गोळा करणारे. फेब्रुवारी १९४० मध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथ टागोरांबरोबर. आणि पुष्कळदा नुसते पाठमोरे. पोझ मागायची नाही म्हटल्यावर समोर येऊन इकडे बघा म्हणता येत नाही, मग पाठीमागून जे दिसतं ते टिपायचं.

त्यातल्या दोन फोटोंपाशी मी जास्त रेंगाळलो. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. घरच्यांपासून दुरावलेला हा माणूस १९३९ मध्ये सेवाग्रामला आला. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली, मालिश केली. कनूंनी हे टिपलं. त्याच काळात, १९४० मध्ये, गांधीजी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुष्ठरोगाचे जंतू बघतायत असाही फोटो आहे. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याचा तो जमाना. त्या वेळी याचं वर्णन कुणी कितीही केलं असतं, तरी अनेकांनी विश्वास ठेवला नसता.

जो फोटो काढला गेला नाही

'छोडो भारत' आंदोलनानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १९४४ च्या सुरुवातीला कस्तुरबांची प्रकृती फारच ढासळली. त्यांच्या सेवेसाठी ज्या मोजक्या लोकांना आत येऊ दिलं त्यात कनू होते. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्याच्या काही तास आधी त्यांचं डोकं गांधीजींच्या मांडीवर होतं. कनूंना तो क्षण टिपायचा होता. गांधीजींनी त्यांना थांबवलं.

तीन अटी पाळल्या तर केव्हाही फोटो काढायची मुभा होती. ती या एका क्षणापुरती काढून घेतली गेली. आजारी माणसाच्या खाटेशेजारी फोन वर करणारे आपण लोक. त्यामुळे हा प्रसंग वाचून मी तरी जरा चपापलो. कनूंनी कॅमेरा खाली ठेवला. ते आधी घरचे होते, फोटोग्राफर नंतर.

आश्रम पैसे देणार नाही, मग रोल कसे यायचे?

फोटो विकून. कनू वर्तमानपत्रांना फोटो पाठवत आणि त्यातून पुढच्या रोलचा खर्च निघे. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिका'ने त्यांना दरमहा मानधनही सुरू केलं होतं. त्यात १९३९ ते १९४५ महायुद्धाचा काळ, परदेशी माल मिळणं कठीण. एका दिवसात दोन-तीनशे फोटो काढणाऱ्या आपल्याला ही काटकसर कळायला वेळ लागतो. गांधीजींसमोर बसून दिवसभरात एकदाही बटण न दाबणं, हाही त्यांच्या कामाचाच भाग असणार.

३० जानेवारीला कनू कुठे होते?

कनूंचं लग्न १९४४ मध्ये आभा चॅटर्जी यांच्याशी झालं. आभा बंगालच्या, लहान वयातच आश्रमात आलेल्या. १९४६ च्या अखेरीस नोआखालीत भीषण दंगली झाल्यावर गांधीजी तिथे गेले आणि सोबतच्या कार्यकर्त्यांना त्यांनी वेगवेगळ्या गावांत एकेकटं पाठवलं. कनूंच्याही वाट्याला एक गाव आलं. गांधीजी पुढे बिहार, कलकत्ता आणि दिल्लीला गेले. कनू नोआखालीतच काम करत राहिले.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये प्रार्थनेला जाताना गांधीजींचे हात दोघींच्या खांद्यावर होते. एक मनू, दुसरी आभा. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कनूंची बायको बापूंना टेकूनच चालत होती, आणि १० वर्षं कॅमेरा घेऊन सावलीसारखा वावरलेला तिचा नवरा दीड हजार किलोमीटर दूर होता. त्याच दिवशी काही तास आधी फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्टिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटून गेले होते. अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो जगभर पोहोचले.

मग नाव कुठे गेलं?

गांधीजी गेल्यावर कनू आणि आभा राजकोटकडे परतले. तिथली राष्ट्रीय शाळा, त्र्यंबा गावचं कस्तुरबाधाम, ग्रामसेवा यांत पुढची वर्षं गेली. गांधीजींचा फोटोग्राफर अशी पाटी लावून पेढी काढणं त्यांना जमलं असतं, पण त्यांनी ती काढली नाही. फोटो मात्र फिरत राहिले. पुस्तकांत, प्रदर्शनांत, सरकारी प्रकाशनांत, आणि पुष्कळदा नावाशिवाय. एखादा फोटो पुरेसा प्रसिद्ध झाला की तो आपोआप सगळ्यांचा होतो, हे आम्ही डिजिटल डेस्कवरचे लोक रोज अनुभवतो. फोटोखाली 'संग्रहित छायाचित्र' एवढं लिहिलं की सुटका! मीही ते शेकडो वेळा लिहिलं आहे.

फेब्रुवारी १९८६ मध्ये यात्रेला गेलेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने कनू गांधींचं निधन झालं. जर्मनीचे पीटर रूहे यांनी त्यांच्या निगेटिव्ह आणि प्रिंटच्या संग्रहाच्या जतनासाठी बरीच खटपट केली. २०१५ मध्ये दिल्लीच्या 'नजर फाउंडेशन'ने प्रशांत पंजियार आणि संजीव सैथ यांच्या पुढाकाराने 'कनूज गांधी' हे पुस्तक काढलं. फोटो काढायला सुरुवात केल्यानंतर सुमारे ७७ वर्षांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव आलं.

हे वाचून कुणाच्या घरी माळ्यावर असा दोन डोळ्यांचा डबा निघाला तर भंगारात देऊ नका. १२० चे रोल आजही बनतात आणि मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन मिळतात. रोल भरण्याआधी शटर एक सेकंदावर ठेवून दाबून बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात तेल घट्ट होतं आणि हळू वेगाची पाती मध्येच अडकतात. नेकनूरच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत असाच एक कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवलाय. मालकांनी तो माझ्या हातात दिला. सेकंदाच्या शंभराव्या भागावर शटर अजून छान उघडतं. विकणार का, म्हणून विचारलं, तर काका नाही म्हणाले.